विरोधी बाकांवरील डॉ. आंबेडकर

थोर पुरुषांच्या आयुष्यातील एखादे कार्य कधी कधी इतके तेजस्वी ठरते की त्यापुढे त्यांची इतर कार्ये लोकांच्या नजरेआड होतात. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या बाबतीत नेमके असेच घडले आहे. भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आमच्या शाळेतील लहानात लहान विद्यार्थीही त्यांना ओळखतो. परंतु घटना लिहावयास बसण्यापूर्वी, १९२७ पासून १९३९ पर्यंत, सुमारे बारा वर्षे ते मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचे सभासद होते, आणि त्या संपूर्ण काळात सत्तेची खुर्ची त्यांच्या वाट्यास एकदाही आली नाही, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते. त्या बारा वर्षांचा वृत्तांत आम्ही यंदाच्या अंकात विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

विरोधी सभासद म्हणजे अडथळा आणणारा मनुष्य, असा समज पुष्कळांच्या मनात असतो. वादविवाद सभेत एखाद्या मुलाच्या वाट्यास प्रतिपक्ष आला म्हणजे तो हिरमुसला होतो, हे आपण पाहतोच. ज्याच्या हाती सत्ता नाही, ज्याच्यामागे मतांचे बळ नाही, त्याने बोलून काय साधणार, असा प्रश्न सहज मनात येतो. डॉ. आंबेडकरांच्या चरित्राचा हा भाग म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर होय.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी हे लष्करात सुभेदार होते. मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. साताऱ्याच्या शाळेत या बुद्धिमान मुलास वर्गात वेगळ्या तरटावर बसावे लागे आणि तहान लागली तरी स्वतःच्या हाताने पाणी घेता येत नसे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली ते मॅट्रिक झाले, १९१२ साली बी. ए. झाले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या साहाय्याने अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात व नंतर लंडनमध्ये त्यांनी अर्थशास्त्राचे उच्च अध्ययन केले, आणि बॅरिस्टर होऊन १९२३ साली ते मुंबईस परतले. अर्थशास्त्र आणि कायदा ही दोन शस्त्रे त्यांनी अशी मोठ्या कष्टाने मिळविली. ती कोठे चालवावयाची, एवढाच प्रश्न उरला होता.

१८ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांनी मुंबई कायदे-कौन्सिलच्या सभासदत्वाची शपथ घेतली. ते निवडून आलेले नव्हते. अस्पृश्य मानलेल्या वर्गाचे प्रतिनिधी म्हणून गव्हर्नरांनी त्यांची व डॉ. सोळंकी यांची नेमणूक केली होती. त्या काळची राज्यव्यवस्था विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. १९१९ च्या कायद्याने शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी खाती लोकप्रतिनिधींतून घेतलेल्या मंत्र्यांकडे दिली होती. पण पोलीस, न्याय आणि जमीनमहसूल ही खाती गव्हर्नरांच्या हाताखालील कारभाऱ्यांनी आपल्याकडेच राखून ठेविली होती. म्हणजे ज्या खात्यांचा हात गरिबाच्या मानेपर्यंत पोचतो, त्यांविषयी सभासदांनी प्रश्न विचारावेत, टीका करावी, परंतु निर्णय दुसऱ्यांनी करावा, अशी स्थिती होती. सरकारने नेमलेला सभासद सरकारचे मिंधेपण पत्करील, अशी कोणाची अपेक्षा असल्यास ती पहिल्याच अधिवेशनात फोल ठरली.

१२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या खर्चावर बोलताना डॉ. आंबेडकरांनी सरकारपुढे सरकारचेच आकडे मांडले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा मुले चौथ्या इयत्तेपर्यंत पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी दाखवून दिले. इलाख्यात दरडोई शिक्षणावर चौदा आणे खर्च होतात आणि दारूच्या करापोटी त्याच प्रजेकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल केले जातात, तेव्हा निदान जितके घेता तितके तरी मुलांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. या भाषणात संताप होता, पण त्याचा पाया हिशेबाच्या वहीवर रचलेला होता. पुढील बारा वर्षे त्यांची हीच रीत राहिली.

त्यानंतर एकाच आठवड्याने ते महाडास गेले. त्याची हकीकत अशी: ४ ऑगस्ट १९२३ रोजी कौन्सिलचे सभासद सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला होता. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेने आपले चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला. पण कागदावर खुले झालेले पाणी कोणाच्या ओठांस लागले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले व त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्यानंतर त्या लोकांवर हल्ले झाले, अनेकजण जखमी झाले. पण डॉक्टरांनी आपल्या माणसांस हात उचलू दिला नाही.

पुढे सनातनी मंडळींनी तळ्यासंबंधी दिवाणी दावा लावून मनाईहुकूम मिळविला. डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा महाडास जमलेले हजारो लोक तळ्यावर जाण्यास सज्ज होते. तथापि न्यायालयाचा हुकूम असेतोवर तो मोडू नये, असे ठरवून डॉ. आंबेडकरांनी त्यांस आवरले. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. एका ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे न्यायाची वाट पाहणाऱ्या मनुष्याने कायद्याचा मार्ग सोडला नाही, ही गोष्ट आमच्या तरुण वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. कायदा वाईट असला तर तो बदलण्यासाठी झगडावे. पण न्यायासनाचा मान राखावा, हा धडा त्यांनी स्वतःच्या आचरणाने घालून दिला.

कौन्सिलातील त्यांचे सर्वांत जिव्हाळ्याचे काम म्हणजे महार वतनाचे बिल होय. १८७४ च्या वतन कायद्यान्वये गावचा महार हा वंशपरंपरेने सरकारचा चाकर असे. सरकारी टपाल पोचविणे, साऱ्याची रक्कम तालुक्यास नेणे, अंमलदारांची ओझी वाहणे, गावात आलेल्या परक्या माणसाची खबर पाटलास देणे, ही सारी कामे त्याच्याकडे होती. रात्र असो, पाऊस असो, बोलावणे आले की निघावे लागे; तो नसेल तर त्याच्या बापास वा मुलास राबावे लागे. मोबदला म्हणजे इनामाचा जमिनीचा तुकडा, क्षुल्लक पगार आणि गावकऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेले बलुते. गावकऱ्यांची मर्जी गेली की बलुते बंद! १९ मार्च १९२८ रोजी डॉ. आंबेडकरांनी हा कायदा सुधारण्याचे बिल मांडले. ज्यास चाकरीतून मोकळे व्हावयाचे असेल त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरून ती आपल्याकडे ठेवावी व माणूस म्हणून स्वतंत्र व्हावे. आणि जो चाकरीत राहील त्याचे वेतन निश्चित असावे, असा त्या बिलाचा सारांश होता. बिल निवड समितीकडे गेले. परंतु सरकारचा पाठिंबा मिळाला नाही, आणि जुलै १९२९ मध्ये ते परत घ्यावे लागले.

येथे एक विसंगती पाहण्यासारखी आहे. गावच्या पोलिस पाटलाच्या हाताखाली पिढ्यान्‌पिढ्या राबणारा, चोराचा माग काढणारा महार सरकारच्या पोलीस दलात शिपाई म्हणून मात्र सहसा घेतला जात नसे. त्याने इमानाने राखण करावी, पण अंगावर सरकारी पोशाख चढवू नये, असा हा न्याय होता! १९२८ साली सरकारने स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य व आदिवासी वर्गांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी समिती नेमली. डॉ. आंबेडकर, डॉ. सोळंकी आणि ठक्करबाप्पा हे तिचे सभासद होते. मार्च १९३० मध्ये सादर झालेल्या अहवालात या वर्गांस शिष्यवृत्त्या व वसतिगृहे द्यावीत या शिफारशींबरोबरच, पोलीस दलाचे दार त्यांस उघडावे अशीही शिफारस होती. डॉक्टरांचे म्हणणे साधे होते: ज्या दलात समाजातील एक वर्ग शिरूच शकत नाही, त्या दलाकडून त्या वर्गास निःपक्ष संरक्षण मिळेल, ही आशा दुबळी आहे.

त्यांची दृष्टी केवळ आपल्या वर्गापुरती नव्हती. १९२८ च्या जुलैत गिरणीतील स्त्रियांस बाळंतपणाच्या वेळी विश्रांती व भत्ता देणारे बिल कौन्सिलपुढे आले, तेव्हा त्यांनी त्यास जोराचा पाठिंबा दिला. मातेस प्रसूतीच्या आधी व नंतर विसावा मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने त्या खर्चाचा भार उचलणे योग्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढील वर्षी, १९२९ साली, मुंबई इलाख्यात तो कायदा झाला.

पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ रोजी झाला. त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, ६ ऑक्टोबरला, ग्रामपंचायतींच्या बिलावर डॉ. आंबेडकर उभे राहिले. पंचायतींस न्यायदानाचे अधिकार देण्याची त्या बिलात तरतूद होती. अनेकांस ती फार रम्य वाटली. प्राचीन ग्रामसंस्थेचे पुनरुज्जीवन होणार, असे त्यांस वाटले. डॉक्टरांनी मात्र विचारले की, ज्या गावात माणसे जातीजातींत विभागलेली आहेत, जेथे एकाची विहीर दुसऱ्यास बंद आहे, तेथे गावातीलच पंच निःपक्षपणे निवाडा कसा करतील? न्यायाधीशास कायद्याचे ज्ञान हवे आणि तो लोकांच्या रागलोभापासून अलिप्त हवा. पंचायती करावयाच्याच असतील तर सर्व प्रौढांस मताधिकार द्या आणि दुर्बळांस राखीव जागा द्या, अशी त्यांची मागणी होती. त्या वेळी ही मागणी अनेकांस रुचली नाही. आज भारताच्या ग्रामपंचायतीत प्रौढ मताधिकारही आहे आणि १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने राखीव जागाही आहेत.

आपल्या नाशिक जिल्ह्याचा या चरित्राशी निकटचा संबंध आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्या शेजारच्याच येवल्यात डॉक्टरांनी धर्मांतराची घोषणा केली. या सर्व चळवळींत त्यांचा उजवा हात होते भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजेच दादासाहेब गायकवाड. त्यांचा जन्म दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा. ऑगस्ट १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत त्या पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले, त्यांत दादासाहेबही होते. स्वतः डॉक्टर मुंबई शहरातून उभे होते व त्यांच्याविरुद्ध होते सुप्रसिद्ध गोलंदाज पाळवणकर बाळू. सुमारे दोन हजार मतांनी डॉक्टर विजयी झाले.

आता काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. पोलीस, न्याय व महसूल ही खातीही प्रथमच लोकनियुक्त मंत्र्यांच्या हाती आली. १७५ सभासदांच्या सभागृहात स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद मूठभरच होते. तरीही १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. खोत हा सरकार व कूळ यांच्यामधला सारा वसूल करणारा. त्याच्या जुलमाखाली कुणबी, महार, आगरी सर्वच कुळे पिचली होती. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. बिल मंजूर झाले नाही.

त्याच जानेवारीत स्थानिक संस्थांविषयीच्या एका बिलात अस्पृश्य वर्गास हरिजन हे नाव कायद्याने देण्याचा प्रश्न निघाला. दादासाहेब गायकवाडांनी उभे राहून विचारले की, आम्ही देवाची माणसे, तर उरलेले लोक काय राक्षसाची माणसे म्हणावयाची? ज्यांचे नाव ठेवावयाचे त्यांचे मत तरी विचारा, एवढेच या पक्षाचे म्हणणे होते. मतदानात ते फेटाळले गेले, तेव्हा डॉक्टर व त्यांचे सहकारी सभागृहाबाहेर निघून गेले.

फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्या जवळच्या मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे डॉ. आंबेडकरांनी तेथे सांगितले; आणि ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुत्व यांचा अभाव, असा खुलासाही केला. त्याच वर्षी सप्टेंबरात औद्योगिक कलहांचे बिल सभागृहात आले. समेटाची ठराविक मुदत संपण्यापूर्वी केलेला संप गुन्हा ठरवून त्यास शिक्षा सांगणारे ते बिल होते. माणसास त्याच्या इच्छेविरुद्ध काम करावयास लावणे म्हणजे गुलामगिरी. संप हा स्वातंत्र्याच्या हक्काचाच एक प्रकार आहे, असे डॉक्टरांनी बजावले. बिल मंजूर झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याच्या निषेधार्थ मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला, दगडफेक झाली आणि पोलिसांनी गोळीबार केला.

सरकारने चौकशी समिती नेमली व मार्च १९३९ मध्ये तिच्या अहवालावर वादविवाद झाला. गृहमंत्री कन्हैयालाल मुन्शी हे स्वतः नामांकित कायदेपंडित होते. शहराची शांतता राखणे हे सरकारचे कर्तव्य आहे, ही त्यांची बाजूही काही क्षुद्र नव्हती. दंगलीच्या वेळी गृहमंत्र्याच्या माथ्यावरील ओझे मोठे असते. परंतु डॉ. आंबेडकरांचा प्रश्न त्याहून खोल होता. गोळीबार योग्य होता की अयोग्य, हे सरकारने आपले आपणच ठरवावे काय? सामान्य मनुष्याच्या कृत्याचा न्याय जसा न्यायालयात होतो, तसाच अधिकाऱ्याच्या कृत्याचाही का होऊ नये? आणि आपल्याच मंत्र्याने आपल्याच लोकांवर गोळ्या चालवाव्यात आणि तो आपल्या पक्षाचा म्हणून इतरांनी त्याची पाठराखण करावी, एवढाच जर स्वराज्याचा अर्थ असेल, तर ते स्वराज्य देशाला वरदान न ठरता शाप ठरेल, असे त्यांनी परखडपणे सांगितले. परक्यांच्या राज्यात अन्याय ओळखणे सोपे असते. आपल्या माणसांच्या राज्यात तो ओळखणे व बोलून दाखविणे कठीण असते. आमच्या मते त्यांच्या साऱ्या कायदेमंडळीय कार्याचे सार या एका भाषणात आहे.

१९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला व सभागृहाचे काम थांबले. हिशेब मांडावयाचा तर डॉक्टरांच्या खाती काय जमा होते? वतनाचे बिल परत घेतलेले, खोतीचे बिल नामंजूर, कामगारांच्या बिलावर पराभव. पण हिशेबाची वही तेथे संपत नाही. १९४९ च्या कायद्याने खोती नष्ट झाली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने नष्ट झाली, आणि गावकीच्या चाकरीतून ती माणसे मोकळी झाली. सभागृहात हरलेली बाजू लोकांच्या मनात रुजत होती व बारा ते तीस वर्षांनी तिला फळ आले.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी ते घटनेच्या मसुदा समितीवर नेमले गेले व पुढे तिचे अध्यक्ष झाले, तेव्हा या बारा वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठी होता. कायद्यापुढे सर्व समान, अस्पृश्यता नष्ट, अटक केलेल्या मनुष्यास चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करणे, आणि हक्क हिरावला गेल्यास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेण्याची मुभा, ही घटनेतील कलमे वाचताना महाडचे तळे, गावचा महार आणि मुंबईचा गिरणी कामगार आमच्या डोळ्यांपुढे उभे राहतात.

१९५१ साली हिंदू कोड बिल रखडले म्हणून त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि १९५२ पासून राज्यसभेत ते पुन्हा विरोधी बाकांवर बसले. १९५४ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविषयीचे बिल तेथे आले असता त्यांनी त्याच्या नावापासूनच हरकत घेतली. हा प्रश्न नागरी हक्कांच्या संरक्षणाचा आहे आणि कायद्याच्या नावातही ते दिसले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी ते मानले गेले नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७६ साली, संसदेने तो कायदा अधिक कडक केला आणि त्याचे नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा असे ठेविले.

मुंबईच्या ज्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये १९३९ साली गोळीबारावरील ते भाषण झाले, तेथून विधिमंडळ १९८० नंतरच्या दशकात नव्या विधान भवनात गेले, आणि जुन्या इमारतीत महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आले. अधिकाऱ्यासही कायदा लागू आहे, ही गोष्ट ज्या भिंतींनी एकदा ऐकली, त्यांच्याच आत आज राज्यातील पोलिसांचा कारभार चालतो. आमच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी कोणी उद्या पोलीस अधिकारी होईल, कोणी वकील, कोणी ग्रामपंचायतीचा सभासद. त्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो की, सभेत आपली बाजू एकट्याची असली तरी आकडे जमवावेत, कायदा वाचावा, मर्यादा सांभाळावी आणि उभे राहून बोलावे. पालकांनीही आपल्या मुलाने घरी वा शाळेत न्यायाचा प्रश्न विचारला तर त्यास गप्प बसवू नये. तो प्रश्न आज मतांनी हरेल. पण तो खरा असेल तर पुढे केव्हा तरी कोणीतरी त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात लिहील.